कुलपातला गारवा

आमच्या गल्लीतले चेकर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची नजर अजून ड्यूटीवर आहे. चालत्या बसमध्ये चढून "तिकीट?" असं विचारण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. त्यामुळे जगात दोनच प्रकारची माणसं असतात असं त्यांचं पक्कं मत झालं होतं: एक बिनतिकिटाची आणि दुसरी, जी अजून सापडलेली नाहीत अशी. सकाळी कोणी "काय, बरं आहे ना?" म्हणालं की चेकर आधी खिसा चाचपतात आणि मग "बरं आहे" म्हणतात. रेडिओवरच्या बातम्या ते डोळे बारीक करून ऐकतात. शेजाऱ्यांचं घड्याळ त्यांच्या घड्याळाशी जुळलं तरी त्यांना वाटतं, या लेकाच्यांनी आपलं बघूनच लावलं असणार.

काकूंवर, म्हणजे त्यांच्या बायकोवर, मात्र त्यांचा विश्वास असावा असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा काकूंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "आहे की विश्वास! फक्त पावती मागतात."

काकूंना साखरेचा आजार जुना. इतका जुना, की घरात तो एखाद्या बिऱ्हाडकरूसारखा राहत होता. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनचं इंजेक्शन लागायचं आणि ते चेकर स्वतः द्यायचे. दुसऱ्या कोणाच्या हाती सुई द्यायची त्यांची तयारी नव्हती. टोचताना त्यांचा हात कधी कापला नाही. टोचून झालं की "आई गं!" मात्र तेच म्हणायचे. काकू पदर सारखा करत म्हणायच्या, "दुखलं का फार? बसा जरा."

मग नदीपलीकडे लढाई सुरू झाली.

लढाई स्वतः अलीकडे आली नाही, पण तिचे हात लांब होते. आधी वीजघर गेलं. मग मोठ्या इस्पितळात जखमींची रीघ लागली आणि बाकीच्या आजाऱ्यांना घरी पाठवलं गेलं. गोळी लागलेला माणूस ओरडतो, त्याच्याकडे धावावंच लागतं. साखरवाला, दमेवाला, रक्तदाबवाला हे बिचारे न ओरडता खचतात. त्यामुळे त्यांना सांगण्यात आलं, आपापल्या गल्लीतल्या दवाखान्यात जा. आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात डॉक्टर उरले नव्हते, एकट्या सिस्टर होत्या. उंचीला बेताच्या, आवाजाला भरपूर.

औषधांची गाडी चौक्यांवर चौक्या ओलांडून येणार, म्हणजे कधी येणार हे गाडीवाल्यालाही माहीत नसायचं. म्हणून सिस्टरांनी ज्याला त्याला इन्शुलिनच्या बाटल्या एकदमच वाटल्या. पण ठेवायच्या कुठे? उन्हाळा असा, की भिंतीला पाठ टेकवली तर सदरा भाजून निघावा. घरोघरचे फ्रिज नुसती कपाटं होऊन उभे होते. दवाखान्याच्या फ्रिजमध्ये सिस्टर चपला ठेवत होत्या.

अख्ख्या गल्लीत गार जागा एकच होती. दूधनानांची डेअरी. दूध नासू नये म्हणून त्यांनी एक थंड खोली बांधून घेतली होती आणि तिच्यासाठी जनरेटर होता. सकाळी दूध आलं की तो धडधडायला लागे, पुन्हा संध्याकाळी. नाना स्वतःहून दवाखान्यात गेले आणि म्हणाले, "सिस्टर, माझ्या खोलीत ठेवा सगळ्यांची औषधं. भाडं नको, काही नको."

"काही नको" म्हणाले, तिथेच घोटाळा झाला. काही नको असलेला माणूस चेकरांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यातून नानांच्या दुधात पाणी असतं हे गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. एका मांजरानं त्यांच्याकडचं दूध हुंगून पुढचा रस्ता धरल्याचं आमच्यातले काहीजण शपथेवर सांगत.

"दुधात पाणी घालणारा माणूस औषधात घालणार नाही कशावरून?" चेकर म्हणाले. "आणि औषध दिसतं कसं? पांढरं. दुधासारखं. त्याला सवयच आहे हाताची!"

"अहो, त्या बाटलीला रबराचं झाकण असतं," काकू म्हणाल्या.

"सुईनं आपण औषध काढतो ना? तो सुईनं पाणी घालेल."

"आणि म्हशी कधी पिळेल?"

ठरल्या दिवशी सगळे डेअरीत जमले. सिस्टरांनी एक घासलेला कॅन आणला, खोलीच्या मधोमध एका आडव्या फळीवर ठेवला आणि शेजारी तापमापक टांगला. कोणाची बाटली कोणती हे कळावं म्हणून शिंप्यानं रंगीत दोरे दिले होते. ज्यानं त्यानं आपल्या बाटल्यांच्या गळ्यात आपल्या रंगाचा दोरा बांधायचा. शिंपी स्वतःही साखरवाला. त्यानं आपल्यासाठी लाल ठेवला होता. मग सिस्टर खोक्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी बजावलं, "नीट ऐका. गार ठेवायचं, गोठवायचं नाही! गोठलं की औषध मेलं. परत वितळलं तरी ते मेलेलंच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चेकरांनी नाही डोलावली, कारण ते त्या वेळी भिंग लावून औषधाच्या पुठ्ठ्यावरचा शिक्का तपासत होते. शाई जरा फिकट वाटत होती.

सगळे गेल्यावर त्यांनी पिशवीतून स्वतःचा पत्र्याचा डबा काढला. त्याला पितळी कुलूप. कंडक्टर तिकिटं ठेवतात तसला डबा, नोकरी सुटताना त्यांनी तो आठवण म्हणून मागून घेतला होता. काकूंच्या सगळ्या बाटल्या त्यात घातल्या, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला अडकवावी तशी गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

"हे काय?" नाना म्हणाले.

"आमचं वेगळं."

"बरं बाबा, वेगळं तर वेगळं. ठेवा फळीवर."

"फळीवर सगळ्यांचे हात जातात. ते मागे काय आहे, भिंतीपाशी?"

"तिथं नळ्या आहेत. तिथं कोणी फिरकत नाही, फार गार असतं."

"कोणी फिरकत नाही आणि फार गार असतं!" चेकरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "मग तिथंच." आणि त्यांनी डबा मागच्या भिंतीच्या नळ्यांना चिकटवून, वर दोन गोणपाटं टाकून, असा काही बसवला की खुद्द नानांनाही तो शोधावा लागला असता. नानांनी खांदे उडवले. औषधांचं ज्ञान आपल्याला नाही आणि चेकरांशी वाद घालण्याइतकं आयुष्यही नाही, असा सरळ हिशेब त्यांनी केला असावा.

एक बाटली संपली की चेकर दुसरी आणायला सकाळीच डेअरीत जात. डबा उघडून बाटली घेतली की बोटं बधिर व्हायची. ते खूश होऊन घरी सांगायचे, "बाकीच्यांच्या बाटल्या नुसत्या गार. आपली बघ, कडक! याला म्हणतात बंदोबस्त." उन्हातून घरी पोचेपर्यंत बाटली पुन्हा साधी झालेली असायची आणि काकू ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायच्या.

काही दिवसांनी काकूंची साखर चढायला लागली.

आधी तहान लागली. काकू तांब्यावर तांब्या रिकामा करू लागल्या. मग थकवा आला. बसल्या की उठवेना. उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून एक फोड आला होता, तो भरेना. सिस्टरांनी बोट टोचून साखर मोजली आणि यंत्राकडे पाहून ओठ आवळले.

"इंजेक्शन वेळेवर देता ना?"

"माझ्या हातानं," चेकर म्हणाले.

"पथ्य?"

यावर चेकरांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. तीस माणसांच्या बसमध्ये एकच माणूस खिडकीबाहेर बघायला लागला की त्याच्याकडे बघावं, तसं.

"हा अंगठा मला आवडत नाही," सिस्टर हळू म्हणाल्या. "साखर खाली आली नाही तर तो काळा पडेल. आणि मग पाय कापायला सर्जन लागेल, तो मी कुठून आणू? ते सगळे नदीपलीकडच्यांना शिवण्यात गुंतलेत. चेकर, साखर खाली आलीच पाहिजे. नाहीतर काकू राहणार नाहीत. स्पष्ट सांगते."

घरी येताना चेकरांना भीती वाटत होती. पण भीती वाटली की काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. त्यांना एकच येत होतं: चोर शोधणं.

पहिला संशय काकूंवर. त्यांनी साखरेच्या डब्याला पेन्सिलीनं आतून खूण केली. काकूंना ती लगेच दिसली. त्यांनी तिच्यावर आणखी एक खूण केली, आणि दुसऱ्या दिवशी दोन खुणा बघून चेकर इतके गोंधळले की त्यांचा चहा निवला.

"अहो, जन्मभर लोकांचे खिसे तपासलेत, आता माझं पोट तपासता?"

"तू शेजारणीकडे काय खाल्लंस काल?"

"शिव्या. तुमच्यामुळे."

"जिभेचा वास दे."

"द्या इकडे ते नाक! देते वास!"

असं भांडण चालू असताना काकूंना मध्येच धाप लागली आणि त्या खाली बसल्या. चेकरांनी त्यांना पाणी दिलं, पदरानं वारा घातला, आणि वारा घालता घालता पदराला मिठाईचा डाग आहे का तेही बघून घेतलं. डाग नव्हता. म्हणजे काकू सुटल्या. आता संशयाला नवीन घर लागलं, आणि ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

चेकर डेअरीसमोरच्या कठड्यावर जाऊन बसायला लागले. हातात वर्तमानपत्र, ते उलटं. नाना थंड खोलीत गेले की हे उठून दाराच्या फटीला डोळा लावत. नाना बाहेर आले की हे वर्तमानपत्र वाचत. एकदा नाना म्हणाले, "चेकर, पेपर सुलटा धरा, लढाई लवकर समजेल." यावर चेकरांना वाटलं, हा माणूस फार मोकळेपणानं बोलतो. लपवण्यासारखं काही असल्याशिवाय कोण इतकं मोकळं बोलतं?

हा संशय त्यांनी एकट्यानं बाळगला असता तर चाललं असतं. पण संशयाला हात धुऊन चालत नाही, तो शिंकेसारखा पसरतो. चेकर शिंप्याच्या दुकानात जाऊन नुसतं म्हणाले, "तुमची साखर कशी आहे?" शिंपी म्हणाला, "बरी आहे." चेकर म्हणाले, "असं तुम्हाला वाटतं." बस्स, एवढंच. शिंपी दिवसभर सुईत दोरा ओवू शकला नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीत कुजबुज सुरू झाली. नाना औषध विकतात. नाना औषधात पाणी घालतात. नानांच्या मेव्हण्याचं नदीपलीकडे येणं-जाणं आहे. नानांना मेव्हणा नव्हता, पण इतका तपशील बघतो कोण? लोक आपापल्या बाटल्या कॅनमधून काढून घरी न्यायची भाषा बोलू लागले. शिंप्यानं तर लाल दोऱ्याच्या दोन बाटल्या नेऊनही ठेवल्या, शिवणयंत्राच्या खणात, जिथे दुपारी हात घातला तर चटका बसायचा.

हे सिस्टरांच्या कानावर गेलं आणि त्या दवाखान्यातून जवळजवळ पळतच आल्या. "कोणी बाटली हलवायची नाही! या उन्हात आठवड्यात सगळ्या वाया जातील आणि गाडीचा पत्ता नाही. ज्याला काय म्हणायचंय त्यानं डेअरीत येऊन, नानांच्या तोंडावर म्हणायचं."

चेकर याचीच वाट बघत होते. त्यांनी घरी जाऊन काकूंची चालू बाटली पुराव्यासाठी उचलली आणि दारात उजेडात धरली. आजवर त्यांनी बाटलीवरची तारीख तपासली होती, शिक्का तपासला होता, रबर तपासलं होतं. आतलं औषध आज पहिल्यांदा निरखलं. तळहातांत फिरवलं की ते एकसारखं पांढरं व्हायला हवं. झालं नाही. काचेला आतून बारीक कण चिकटले होते, खाली चोथा आणि वर पातळ पाणी.

"पाणी!" चेकर ओरडले. "सापडला!"

काकू चपलेत एकच पाय घालून, दुसरा फडक्यात बांधलेला, त्यांच्यामागून लंगडत डेअरीत आल्या. नानांनी त्यांच्यासाठी एक कॅन उपडा घातला. त्या त्यावर बसल्या. नाना मधोमध उभे होते, ओले हात लुंगीला पुसत.

चेकरांनी बाटली उंच धरली. आयुष्यभर त्यांनी पकडलेल्या सगळ्या बिनतिकिटांची सगळी तपासणी त्या आवाजात उतरली. "बघा! सगळे बघा! वर पाणी आहे की नाही? माझी बायको मरायला टेकली, आणि हा म्हणतो भाडं नको! नाना, बोला, कधीपासून चालू आहे?"

"चेकर, माझ्या आईची शपथ..."

"आईला मध्ये आणू नका, ती तरी काय चांगलं दूध देत होती!"

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सिस्टरांनी हात पुढे केला. "द्या इकडे." त्यांनी बाटली फिरवली, उजेडाकडे धरली, परत फिरवली. मग थंड खोलीत गेल्या आणि फळीवरच्या कॅनमधून हाताला येतील तशा बाटल्या घेऊन आल्या. हिरवा दोरा, पिवळा, लाल. एकेक फिरवून सगळ्यांना दाखवली. सगळ्या एकसारख्या पांढऱ्या, दाट, गुळगुळीत.

"या चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. "कोणी हात लावलेला नाही. पाणी घातलं तर असे कण होत नाहीत. औषध असं कधी होतं माहीत आहे? गोठलं की. चेकर, काकूंच्या बाकीच्या बाटल्या कोणत्या रंगाच्या?"

चेकरांचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला.

"रंग नाही त्यांचा," नाना खाली बघत म्हणाले. "त्यांचा डबा वेगळा आहे. मागे, नळ्यांपाशी."

गोणपाटं काढली. डब्यावर बर्फाचा पांढरा थर चढला होता. कुलूपसुद्धा गोठलं होतं, किल्ली फिरेना. चेकरांनी ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं, तोंडानं वाफ सोडली. शेवटी कुलूप उघडलं. आत उरलेल्या बाटल्या एकमेकींना चिकटून दगड झाल्या होत्या. त्यांनी एक हलवली. आत काही हललं नाही.

"मी सांगितलं होतं ना," सिस्टर म्हणाल्या, पण रागानं नाही. चेकरांचा चेहरा बघून त्यांचा राग वाटेतच उतरला असावा.

चेकर बाटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी नानांकडे पाहिलं नाही, शिंप्याकडे पाहिलं नाही, काकूंकडे पाहिलं. "अगं," ते म्हणाले, "मी... रोज... माझ्याच हातानं..." पुढे त्यांना येईना.

काकू कॅनवर बसूनच म्हणाल्या, "चोर सापडला ना एकदाचा? मग आता उभे काय राहिलात? मला तहान लागली आहे."

चेकर पाणी आणायला वळले, आणि कुठे वळायचं तेच त्यांना कळेना. नानांनीच आतून तांब्या आणून दिला.

प्रश्न मात्र उरला होताच. गाडी येईपर्यंत काकूंना टोचायचं काय? कोणाकडेच जास्तीचं नव्हतं. सिस्टर मागणार नव्हत्या, कारण मागायचा त्यांना हक्क नव्हता. चेकर मागणार नव्हते, कारण मागायला तोंड नव्हतं. शिंपी मागे वळून निघून गेला. चेकरांना वाटलं, गेला, बरोबरच आहे त्याचं. थोड्या वेळानं तो घाम पुसत परत आला. हातात घरी नेलेल्या दोन्ही बाटल्या होत्या. एकच रात्र गेली होती खणात. सिस्टरांनी त्या तपासल्या आणि मान डोलावली. शिंप्यानं दोन्ही बाटल्या कॅनमध्ये परत ठेवल्या, आणि कॅनमधली आपली एक गार बाटली काढून काकूंच्या हातात दिली.

"लाल दोरा राहू द्या," तो म्हणाला.

चेकरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "का देताय?"

"तुमच्या बायकोला देतोय," शिंपी म्हणाला. "तुम्हाला नाही. तुम्ही मला असं विचारलंत ना, की माझा रात्रभर डोळा लागला नाही."

मग हिरव्या दोऱ्याची एक आली. पिवळ्यावाल्या आजी म्हणाल्या, "माझी बाटली गाडी आली की परत करा, आणि नाही आली तर वर येऊन परत करा." असं करत करत काकूंच्या माठाशेजारी एकेक रंग येत गेला. चेकर रोज बाटली तळहातांत फिरवत, उजेडात धरत, निरखत. काकू विचारायच्या, "काय बघताय? तिकीट आहे का?" चेकर सुई भरत. ते म्हणायचे, दुसऱ्याच्या जिवातलं काढून टोचतोय असं वाटतं. पण हे ते आम्हाला म्हणाले, काकूंना नाही.

साखर उतरायला लागली. अंगठ्याचं नख गेलं, अंगठा राहिला. गाडी आली तेव्हा काकू दारापर्यंत चालत आल्या होत्या. चेकरांनी सगळ्यांची परतफेड केली, नव्या बाटल्यांना पांढरा दोरा बांधून त्या सर्वांच्या कॅनमध्ये ठेवल्या, आणि तापमापक दोनदा बघितला. बघितलाच. स्वभावाला औषध नाही.

त्या सकाळी नानांनी काकूंसाठी दूध पाठवलं होतं. काकूंनी बिनसाखरेचा चहा टाकला. चेकरांनी जुन्या सवयीनं दुधात बोट बुडवलं, नखावर थेंब घेतला आणि नख तिरकं धरून पाहिलं. थेंब सरळ घसरला. मागे पांढरी रेघसुद्धा राहिली नाही.

"काय, पाणी आहे?" काकूंनी विचारलं.

चेकरांनी इकडेतिकडे पाहिलं. दार लोटलं. मग हळूच म्हणाले, "आहे. अगं, भरपूर आहे! मी म्हणत नव्हतो?"

"मग जाऊन सांगणार?"

चेकरांनी बराच विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर उभ्या जन्माची नोकरी एकदा येऊन गेली.

"ओत," ते म्हणाले. "चहात नाहीतरी पाणी लागतंच."